खिलाफत हाऊस : चळवळ संपली, कचेरी चालू राहिली

खिलाफत हाऊस ही मुंबईत भायखळ्याच्या लव्ह लेनमधली वास्तू. ऑल इंडिया खिलाफत कमिटीची ही कचेरी. आपल्या शिरूर-दौंड भागातल्या बहुतेकांना हे नाव वर्षातून एकदाच कानावर पडतं, ईद-ए-मिलादच्या बातम्यांमध्ये. "भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून जुलूस निघाला" एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. ही जागा कोणाची, तिथे कोण बसत होतं आणि ज्या कामासाठी ती कचेरी निघाली ते काम कधीचंच संपूनही ती बंद का झाली नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बघू, कारण वर्गात आम्हाला पहिली अडचण तिथेच येते. आठवीच्या इतिहासात असहकार चळवळीच्या धड्यात खिलाफत चळवळीला चार-दोन ओळी असतात. मराठी माध्यमातलीच काय, उर्दू माध्यमातली मुलंसुद्धा 'खिलाफत' म्हणजे कुणाच्या तरी 'खिलाफ' जाणं, विरोध करणं, असं समजतात. हिंदी बातम्यांमध्ये 'खिलाफत करना' हा प्रयोग विरोध या अर्थाने सर्रास चालतो, त्याचा हा परिणाम. विरोधाला उर्दूत मुखालफत म्हणतात. खिलाफत म्हणजे खलिफाचं पद. दोन्ही शब्दांचं अरबी मूळ एकच, पण अर्थ वेगळे. त्यात गेल्या दहा-बारा वर्षांत इराक-सीरियातल्या एका दहशतवादी टोळीने हाच शब्द स्वतःच्या फलकावर लावला, त्यामुळे मुलांना तो उच्चारायचीही भीती वाटते. एकेकाळी हा शब्द लिहिलेल्या झेंड्याखाली हिंदू, मुसलमान आणि शीख एकत्र चालले होते, हे त्यांना सांगावं लागतं.

आता इतिहास. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढला आणि हरला. तुर्कस्तानचा सुलतान हाच खलिफा, आणि मक्का, मदिना, जेरुसलेम ही ठिकाणं त्याच्याच राज्यात. इंग्रजांच्या फौजेत हिंदी मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते. जानेवारी १९१८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं, की तुर्कांची मूळ भूमी आणि राजधानी त्यांच्याकडून काढून घेण्यासाठी आपण लढत नाही. युद्ध संपल्यावर मात्र वाटणीची बोलणी सुरू झाली. दिलेला शब्द मोडला जातोय, ही भावना इथे पसरली.

त्या भावनेला पहिली कचेरी दिली मुंबईने. दिल्ली आणि लखनऊला मोठमोठे उलेमा होते, पण पैसा, तारघर, छापखाने आणि गोदी मुंबईत. मार्च १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्ष झाले सेठ मियाँ मुहम्मद हाजी जान मुहम्मद छोटानी. हे लाकडाचे बडे व्यापारी. युद्धकाळात सरकारी कंत्राटांवर त्यांनी भरपूर कमावलं होतं. म्हणजे सरकारविरोधी चळवळीचा पहिला खजिना सरकारच्याच कंत्राटांतून आलेला! वर्ष संपता संपता ही मुंबईची कमिटी साऱ्या हिंदुस्थानची मध्यवर्ती कमिटी झाली आणि मुख्य कचेरी मुंबईतच राहिली.

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला देशभर खिलाफत दिन पाळला गेला. दुकानं बंद ठेवली, रोजे धरले, दुआ मागितल्या. २३ आणि २४ नोव्हेंबरला दिल्लीत अखिल भारतीय खिलाफत परिषद भरली. पहिल्या दिवशी अध्यक्षस्थानी फजलुल हक होते, दुसऱ्या दिवशी महात्मा गांधी. हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तोवर काँग्रेसमध्ये गांधीजींचं नेतृत्व पक्कं झालेलं नव्हतं. 'असहकार' हा कार्यक्रम आधी खिलाफतवाल्यांनी स्वीकारला आणि मग काँग्रेसने, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नीट येत नाही. उलट 'गांधीजींनी खिलाफतीला पाठिंबा दिला' एवढंच येतं, जणू उपकार एका बाजूनेच झाला.

डिसेंबर १९१९ च्या अखेरीस अली बंधू सुटले. मौलाना शौकत अली थोरले, मौलाना मुहम्मद अली 'जौहर' धाकटे. १९१५ पासून ते नजरकैदेत होते, त्यातली बरीच वर्षं छिंदवाड्यात. धाकटे भाऊ लेखणीचे आणि वक्तृत्वाचे, थोरले संघटनेचे. धिप्पाड देहाचे, लांब दाढीचे, भरघोस अंगरख्यातले शौकत अली म्हणजे या मुंबईच्या कचेरीचा चालता-बोलता चेहरा. त्यांच्या आई आबादी बानो बेगम यांना सगळा देश 'बी अम्मा' म्हणायचा. वय झालेलं असताना त्यांनी गावोगाव फिरून सभा घेतल्या. मोठ्या सभेत बोलताना त्यांनी चेहऱ्यावरचा नकाब वर केला आणि सांगितलं, की इथे बसलेले सगळे माझी मुलंच आहेत.

१ ऑगस्ट १९२० ला असहकार सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी पहाटेच्या आत मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचं निधन झालं. अंत्ययात्रेत गांधीजींबरोबर तिरडीला खांदा देणाऱ्यांत शौकत अली होते. पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला टिळकांबद्दल पुष्कळ काही ठाऊक असतं, ही गोष्ट मात्र क्वचितच.

तरुणांची फौज

खिलाफत कमिटीचं खरं बळ तिच्या स्वयंसेवक पथकांत होतं. आज एखाद्या युवक संघटनेची शाखा असते, तशी ही पथकं शहरोशहरी होती. अंगात खादी, छातीवर चंद्रकोरीचा बिल्ला. काम काय? सभेत शिस्त राखणं, वर्गणी गोळा करणं, दारूच्या आणि विलायती कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करणं, मोहल्ल्यातली भांडणं सरकारी कोर्टात जाण्याआधी मिटवणं. हात उचलायचा नाही ही अट होती. बहुतेक पोरं विशीतली, कारखान्यातली, कॉलेज सोडून आलेली.

वर्गणी रुपया-रुपयाने जमायची. कमिटीने एक रुपयाच्या पावत्या छापल्या होत्या, त्या दिसायला थेट नोटेसारख्या. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे त्या आजही पाहायला मिळतात. ज्याने रुपया दिला त्याच्या घरात ती पावती फ्रेममधल्या फोटोसारखी जपली जायची.

३१ जुलै १९२१ ला परळला गिरणीमालक उमर सोबानी यांच्या आवारात विलायती कपड्यांची प्रचंड होळी झाली. सोबानी स्वतः गिरणीवाले, चळवळीला सढळ हाताने पैसा देणारे. इथे खिलाफतवाल्यांचं मत जरा वेगळं होतं. चांगले कपडे जाळण्यापेक्षा ते तुर्कस्तानातल्या उघड्या पडलेल्या लोकांना पाठवू, असं ते म्हणाले. गांधीजींनी त्यांना तशी मोकळीक दिली. होळी की मदत, या वादात तेव्हा काहींची मनं दुखावली, पण आम्हाला विचाराल तर कपडे पाठवणाऱ्यांचं म्हणणं साध्या माणसाला पटणारं होतं.

त्याच जुलै महिन्यात कराचीला खिलाफत परिषद झाली. इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणं मुसलमानाला योग्य नाही, असा ठराव तिथे झाला आणि त्यावरून खटला भरला गेला. आरोपींत अली बंधू, मौलाना हुसेन अहमद मदनी, डॉ. सैफुद्दीन किचलू होते, आणि त्यांच्याबरोबर शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थही होते. शंकराचार्य सुटले, बाकीच्यांना दोन वर्षं सक्तमजुरी झाली. एका शंकराचार्यावर खिलाफतीच्या ठरावासाठी खटला चालला, हे आज सांगितलं तर लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत.

सगळंच असं सुंदर नव्हतं, तेही लिहायला हवं. १७ नोव्हेंबर १९२१ ला इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला. बहिष्कार पुकारलेला होता. त्याच्या स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन लोकांवर जमावाने हल्ले केले, मग उलट हल्ले झाले, गोळीबार झाला. पन्नासवर माणसं मेली. ज्यांच्या छातीवर शांततेच्या शपथेचा बिल्ला होता त्यांच्याच शहरात हे घडलं. गांधीजींनी उपवास केला. त्यानंतर सरकारने अनेक प्रांतांत खिलाफत आणि काँग्रेसची स्वयंसेवक पथकं बेकायदा ठरवली आणि हजारो तरुण तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा घडलं, असहकार थांबला आणि तुरुंगात बसलेल्या पोरांना कळेना की आता पुढे काय.

पैशाचा घोळ

संस्थेचा इतिहास लिहिताना हा भाग गाळायची आपल्याकडे सवय आहे. आम्ही गाळत नाही. तुर्कांच्या मदतीसाठी जमवलेला निधी मध्यवर्ती कमिटीने अध्यक्ष छोटानी यांच्याकडे ठेवला होता. युद्धानंतर त्यांचा धंदा घसरला आणि त्यातले पंधरा-सोळा लाख रुपये धंद्यात अडकल्याचं उघड झालं. तेव्हाचे पंधरा-सोळा लाख! लाकूड कापण्याच्या त्यांच्या गिरण्या कमिटीला लिहून द्याव्या लागल्या, पण त्या गिरण्या तोट्यात. रुपया-रुपया देणाऱ्या विधवा आणि हमालांचा विश्वास त्या दिवशी जो उडाला, तो परत बसला नाही. चळवळ संपण्याची कारणं विचारली की लोक फक्त तुर्कस्तानचं नाव घेतात. हिशेबाची वही हेही एक कारण होतं. आज आपल्या मशिदीच्या, जमातच्या, बैतुलमालच्या कमिट्यांवर बसणाऱ्यांनी हा प्रकार जरूर वाचावा.

आणि मग ३ मार्च १९२४. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने खलिफाचं पदच रद्द केलं. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांना रातोरात देशाबाहेर काढलं. हे इंग्रजांनी केलं नाही, मुस्तफा कमाल यांच्या सरकारने केलं, म्हणजे ज्यांच्यासाठी इथे लोक तुरुंगात गेले त्यांनीच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बी अम्मांचं निधन झालं.

साधारणपणे अशा वेळी संस्था बंद होते, फळा उतरवतात, टेबल-खुर्च्या विकतात. खिलाफत कमिटीने तसं केलं नाही. विसाच्या दशकातल्या तिच्या कागदपत्रांवर पत्ता दिसतो तो डोंगरीच्या सुलतान मॅन्शनचा. पुढे पत्ता बदलून लव्ह लेन, भायखळा झाला आणि 'खिलाफत हाऊस' हे नाव रुळलं. डोंगरी ही गजबजलेली जुनी मुसलमान वस्ती, तर भायखळा गिरणी कामगारांचा, पारशी-ख्रिस्ती-यहुदी-मुसलमान-मराठी अशा मिश्र वस्तीचा भाग. कमिटीचं 'खिलाफत' नावाचं उर्दू दैनिक मुंबईतून निघत राहिलं आणि शौकत अलींचं मुंबईतलं राजकारण या कचेरीतूनच चाललं.

शौकत अलींचा पुढचा काळ वादाचा आहे. नेहरू अहवालानंतर ते काँग्रेसपासून दुरावले. १९३० च्या गोलमेज परिषदेला दोघे भाऊ गेले. तिथेच ४ जानेवारी १९३१ ला मुहम्मद अलींचं लंडनमध्ये निधन झालं आणि त्यांना जेरुसलेमला दफन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पदच्युत खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी फ्रान्समध्ये नीस इथे झालं. ते जमवण्यात शौकत अलींचा हात होता. खलिफाचं पद वाचवता आलं नाही, निदान घराण्याची अब्रू राहावी, असा हेतू असावा असं आम्हाला वाटतं. १९३८ च्या नोव्हेंबरात शौकत अली दिल्लीत वारले. जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे. मुंबईत ग्रँट रोड या नावाने सगळ्यांना माहीत असलेल्या रस्त्याचं अधिकृत नाव मौलाना शौकत अली रोड आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील.

जुलूस आणि कॉलेज

आज खिलाफत हाऊसची ओळख दोन गोष्टींनी आहे. पहिली, ईद-ए-मिलादचा जुलूस. चळवळीच्या काळापासूनची ही परंपरा. १२ रबी-उल-अव्वलला भायखळ्यातून निघून जुलूस दक्षिण मुंबईतल्या मुस्लिम मोहल्ल्यांमधून जातो. इतर धर्मांच्या मान्यवरांना अगत्याने बोलवायची पद्धत इथे जुनी आहे. शिरूर आणि दौंडला आपण जो जुलूस काढतो, झेंडे, नात, सबील, सरबत, त्याची रीत गावागणिक वेगळी असली तरी 'शहराचा एक जुलूस, एका ठिकाणाहून निघणारा' ही कल्पना मुंबईच्या या जुलुसातही दिसते.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. खिलाफत कमिटी इथे बी.एड.चं कॉलेज चालवते. म्हणजे खलिफाचं पद वाचवायला निघालेल्या संस्थेच्या आवारात आज शिक्षक तयार होतात. पाठ टाचण, मूल्यमापन, सराव पाठ हे सगळं तिथे शिकवलं जातं. आम्ही स्वतः बी.एड. केलेले असल्यामुळे या गोष्टीचं आम्हाला जरा जास्तच अप्रूप. गांधीजींचं मुंबईतलं मणिभवन संग्रहालय म्हणून जपलं गेलं, तिथे शाळांच्या सहली जातात. खिलाफत हाऊसचं तसं झालं नाही, ते वापरात राहिलं. वापरात राहिल्यामुळे वास्तू जिवंत राहते हे खरं, पण भिंतीवर एखादं चित्र, एखादी ती रुपयाची पावती, कराचीच्या खटल्याची माहिती असं काही मांडलं तर सहलीतल्या आपल्या पोरांनाही बघायला मिळेल. कमिटीने याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे.

गेल्या काही वर्षांत या कचेरीने घेतलेला एक निर्णय मात्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. चंद्राच्या कॅलेंडरप्रमाणे ईद-ए-मिलाद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, आणि २०२३ मध्ये ती नेमकी अनंत चतुर्दशीला आली, २८ सप्टेंबर. एकाच रस्त्यावर एकाच दिवशी विसर्जनाची मिरवणूक आणि मिलादचा जुलूस! खिलाफत हाऊसमध्ये बैठक झाली आणि जुलूस एक दिवस पुढे, २९ तारखेला काढायचं ठरलं. कुणी सक्ती केली नव्हती. सरकारने मग २९ ची सुट्टी जाहीर केली. मुंबईपाठोपाठ राज्यातल्या इतर गावांनीही तसंच केलं. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ ला होतं, तेव्हा मुंबईचा जुलूस १८ ला निघाला. २०२५ मध्ये ईद ५ सप्टेंबरला, विसर्जन ६ ला, आणि मुंबईत जुलूस आणि सुट्टी ८ तारखेला. सलग तीन वर्षं.

काही तरुण यावर नाराज होते, की दरवेळी आपणच का सरकायचं. प्रश्न चुकीचा नाही आणि तो विचारणाऱ्याला गप्प बसवायचंही कारण नाही. पण ईदची तारीख कुणी बदलली नव्हती. नमाज, दरूद, सदका सगळं त्याच दिवशी झालं. पुढे गेली ती फक्त मिरवणूक. आणि ज्या शहराने नोव्हेंबर १९२१ पाहिलेला आहे, त्या शहरातल्या कमिटीला मिरवणुकीत काय होऊ शकतं हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

ईद आणि गणेशोत्सव यांची ही जवळीक आता काही वर्षं राहणार नाही. मिलाद मागे सरकत ऑगस्टमध्ये, मग जुलैमध्ये जाईल. साधारण तीस-बत्तीस वर्षांनी ती पुन्हा फिरून गणपतीच्या दिवसांत येईल, तेव्हा आज आमच्या वर्गात बसलेली मुलं जुलूस कमिटीवर असतील.

जाणाऱ्यांसाठी : दौंडहून मुंबईच्या गाडीने दादरला उतरायचं आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलने भायखळा गाठायचं. शिरूरकरांना आधी एसटीने पुणे, मग पुढे रेल्वे. भायखळा स्टेशनही बघण्यासारखं आहे, देशातल्या सर्वांत जुन्या रेल्वे स्थानकांपैकी ते एक, आणि अलीकडेच त्याची डागडुजी होऊन त्याला युनेस्कोचा वारसा जतनाचा पुरस्कारही मिळाला. बाहेर पडून लव्ह लेन विचारा. कॉलेजच्या वेळेत गेलात तर गेट उघडं असतं, मात्र वर्ग चालू असतात हे ध्यानात ठेवून आधी कचेरीत विचारूनच आत जावं.